अलेक्झांड्रियातला पहिला दिवस: काय धरावं, काय सोडावं?

निवांतीण

मंडळी, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात इजिप्तला निघालोय. मी, नवरा आणि सासूबाई. कैरो, लक्सर, अस्वानचं सगळं ठरलंय. घोडं अडलंय ते अलेक्झांड्रियापाशी.

एजंटचं म्हणणं, पहाटे सहाला कैरोहून गाडी, पाच ठिकाणं, जेवण आणि रात्री परत. नवऱ्याचं म्हणणं, समुद्र आहे तर एक रात्र राहूच. सासूबाई बहात्तर वर्षांच्या, निवृत्त इतिहास शिक्षिका. गुडघे कुरकुरतात, अंडंसुद्धा चालत नाही, पण हौस आम्हा दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त. आयुष्यभर पोरांना अलेक्झांड्रियाचं दीपगृह आणि ग्रंथालय शिकवलं, आता ते जागेवर जाऊन बघायचंय. दोन्ही उरलेली नाहीत हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. तरी बघायचंय!

तर पहिल्या दिवशी (कदाचित तो एकच असेल) काय धरावं आणि काय बिनदिक्कत सोडावं? यूट्यूब बघून डोकं भणभणलंय, म्हणून इथे विचारतेय.

बंड्या_२.०

दीपगृह बघायचं तर सातशे वर्षं उशीर झालाय. एजंटला सांगा, सहाच्या आधीची गाडी काढ.

कैरोकर

नोकरीमुळे काही वर्षं कैरोत आहे, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

एका दिवसात जाऊन येऊ नका. अंतर २२० किलोमीटरच्या आसपास, पण कैरोतून बाहेर पडण्यातच जीव जातो. जाऊन-येऊन सहा तास गाडीत गेले तर गुडघेवाल्या माणसाचं काय होईल ते तुम्हीच ठरवा. रेल्वेने जा. अडीच-तीन तास लागतात, पाय मोकळे करता येतात. अलेक्झांड्रियात आधी सीदी गाबेर येतं, शेवटचं स्टेशन म्हणजे महत्तत मिस्र. सगळे सीदी गाबेरला उतरायला लागले की आपणही उठायचं नाही, हॉटेल जुन्या शहरात असेल तर शेवटपर्यंत बसा.

दुसरी गोष्ट उजेडाची. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि सरकारी ठिकाणं त्याच्या आगेमागे बंद होतात. म्हणून उघड्यावरचं आणि जमिनीखालचं सकाळी, समुद्राकाठचा कैतबेचा किल्ला दोनच्या आत, बाकी कॉफी-मिठाई-समुद्र अंधार पडल्यावर. उलटं केलंत तर किल्ल्याच्या बंद दाराचा फोटो मिळेल.

तिसरं, बऱ्याच ठिकाणी तिकीट आता कार्डानेच घ्यावं लागतं. दोन कार्डं जवळ ठेवा.

दुर्मुख

मी एका दिवसात जाऊन आलो आणि तोही लांबला असं वाटलं. पॉम्पीचा खांब म्हणजे एक खांब. किल्ला आतून रिकामा. ग्रंथालय नवं, २००२ सालचं. समुद्राकाठचा रस्ता म्हणजे हॉर्न आणि वारा. इजिप्तमध्ये एक दिवस जास्तीचा असेल तर कैरोजवळच्या सक्काऱ्याला, तिथल्या पिरॅमिडला घाला, साडेचार हजार वर्षांपूर्वीचं काहीतरी खरोखर उभं असलेलं दिसेल. राग नसावा.

शिलालेख

दुर्मुख, राग नाही, पण तुम्ही खांबापाशी थांबलात आणि जवळच जमिनीखाली काय आहे ते बघितलं नाहीत असं दिसतंय. या शहराची गंमत अशी, की जे नावाजलेलं होतं ते पडलं, बुडालं किंवा जळलं, आणि जे उरलं ते पायाखाली आहे. यादी घेऊन फिरणाऱ्याची इथे निराशाच होणार.

तो खांब पॉम्पीचा नाहीच. सम्राट डायोक्लिशियनच्या नावाने तिसरं शतक संपता-संपता उभारलेला. अस्वानचा तांबडा ग्रॅनाइट, सगळा मिळून २७ मीटरच्या आसपास, आणि मधला दांडा एकाच दगडाचा. सेरापिस देवाच्या मंदिराच्या आवारात तो उभा आहे. त्या मंदिरात मोठ्या ग्रंथालयाची शाखा होती. ३९१ साली मंदिर उद्ध्वस्त झालं. निवांतीण, तुमच्या सासूबाईंना जुन्या ग्रंथालयाच्या सर्वात जवळ जायचं असेल तर ते नव्या इमारतीत नाही, त्या खांबापाशी.

तिथून चालत दहाएक मिनिटांवर कोम अल-शोकाफाची भुयारी दफनभूमी. १९०० साली एक गाढव जमीन खचून खड्ड्यात पडलं आणि ही उजेडात आली. गोल विहिरीसारखा खोदलेला कूप, त्याभोवती फिरत जाणारा जिना. मृतदेह मधून दोरीने सोडायचे, माणसं जिन्याने उतरायची. खाली नातेवाइकांना श्राद्धाच्या जेवणाला बसायची खोली आहे, तिन्ही बाजूंना दगडी ओटे. आणि मुख्य गाभाऱ्याच्या दारात अनुबिस, म्हणजे मृतांचा इजिप्शियन देव, तोंड कोल्ह्याचं आणि अंगात रोमन शिपायाचं चिलखत! दुसऱ्या शतकातल्या या शहरात कोण कुठल्या देवाला मानत होतं याचं इतकं थेट चित्र मी दुसरीकडे बघितलेलं नाही.

निवांतीण

शिलालेख, वाचूनच निघावंसं वाटलं. पण जिना किती पायऱ्यांचा?

शिलालेख

नव्याण्णव. आणि लिफ्ट नाही.

बंड्या_२.०

सासूबाईंनाही दोरीने सोडता येईल, सोय आहेच. (ह. घ्या.)

निवांतीण

बंड्या, हा प्रतिसाद त्यांनी माझ्या खांद्यावरून वाचलाय. म्हणाल्या, "वर ओढून घेणार असाल तर चालेल."

तिखटमीठ

शाकाहाऱ्यांनी इजिप्तमध्ये उपाशी राहायची अजिबात गरज नाही. फूल, तामेया आणि कोशरी ही तीन नावं पाठ करा. फूल म्हणजे रात्रभर मंद आचेवर शिजवलेले बाकल्याचे दाणे. अलेक्झांड्रियात त्यात टोमॅटो, कांदा, मिरची बारीक चिरून घालतात. तामेया सुक्या बाकल्याचा वाटून केलेला, आत कोथिंबीर आणि कांद्याची पात इतकी की तोडला की हिरवागार. कोशरीत भात, मसूर, मॅकरोनी, वर छोले, टोमॅटोची आंबट चटणी आणि भरपूर कुरकुरीत कांदा. लसूण-व्हिनेगरचं पाणी वेगळं देतात, ते सगळं ओतायचं. कंजूषपणा नको.

सांभाळायचं ते असं: मुलुखिया पालेभाजी दिसते, पण बहुतेक वेळा कोंबडीच्या रश्श्यात करतात. मसुराच्या सूपचंही विचारून घ्या. "लहम (मांस) नको" एवढं सांगून भागत नाही, कोंबडीला तिथे मांसात धरतीलच असं नाही, मासळीला तर नाहीच.

मासे खाणाऱ्यांसाठी: बहरी भागात बर्फावर मांडलेली मासळी स्वतः निवडायची, वजन करून भाव आधी ठरवायचा आणि कशी हवी ते सांगायचं. सिंगारी म्हणजे पाठीतून उघडून वर भाज्या-मसाला घालून भट्टीत. रद्दा म्हणजे कोंड्यात घोळवून निखाऱ्यावर, वरचं काळं साल काढून आतलं खायचं. सोबत सय्यादियाचा तपकिरी भात. आणि गल्लीतल्या गाडीवरची इस्कंदरानी कलेजी, लसूण आणि हिरवी मिरची घालून. नवऱ्याला सासूबाईंच्या नजरेआड तेवढं करू द्या.

खलाशी

मर्चंट नेव्हीत असताना या बंदरात बऱ्याचदा लागलोय. एक गोष्ट कोणी बोललं नाही ती हवेची. इजिप्त म्हणजे ऊन असं समजून लोक पातळ कपड्यांत येतात आणि डिसेंबरात इथे कुडकुडतात. भूमध्य समुद्रावरून थंडीत वादळं येतात आणि तिथल्या कोळ्यांना त्यांची नावं आणि तारखा आपल्या शेतकऱ्याला मृग-आर्द्रा पाठ असाव्यात तशा पाठ. नोव्हेंबरात मक्नसा, डिसेंबरच्या सुरुवातीला कासिम, जानेवारीत आणखी. कासिम आला की लाट कठडा ओलांडून रस्त्यावर येते, बोटी आत ओढून ठेवतात. तुमचा आठवडा त्याच्या शेपटीला आहे. वारा अडवणारं जाकीट आणि कानटोपी घ्या, छत्री उलटी होते.

आणि समुद्राकाठचा रस्ता पायी ओलांडण्याचं धाडस करू नका, विशेषतः आजींना घेऊन. चार-पाच रांगांत गाड्या सुसाट असतात. ठिकठिकाणी खालून भुयारी मार्ग आहेत, ते शोधा.

मोडीवाचक

शिलालेख, ग्रंथालयाचा विषय काढलात तर पूर्ण सांगा. खलिफा उमरच्या हुकुमाने पुस्तकं हमामखान्यात जाळली हे का गाळलंत?

शिलालेख

कारण ती घटना घडल्याचा पुरावा नाही. अरबांनी शहर घेतलं सातव्या शतकात. ही गोष्ट लेखनात दिसायला लागते ती बाराव्या-तेराव्या शतकाच्या आसपास, म्हणजे जवळपास सहाशे वर्षांनी. मधल्या काळातले इतिहासकार, अगदी अरबांच्या विरोधातले ख्रिस्ती लेखकही, याबद्दल गप्प आहेत. आणि जाळायला काही उरलं तर पाहिजे. इ.स.पू. ४८ मध्ये सीझरने बंदरात लावलेली आग, तिसऱ्या शतकातल्या लढायांत राजवाड्याच्या भागाची झालेली नासधूस, मग ३९१ चं सेरापिस मंदिर. त्यात राजांनी पैसा आखडला, विद्वान निघून गेले. एका रात्रीत एका माणसाने काडी लावली हे ऐकायला सोपं असतं, इतकंच.

मोडीवाचक

म्हणजे सीझर चालतो, उमर चालत नाही. बरं.

शिलालेख

सीझरची आग त्या काळाच्या जवळच्या लेखकांनी लिहिलीय. माझ्या चालण्या-न चालण्याचा प्रश्न नाही.

संपादक

धागा अलेक्झांड्रियातल्या पहिल्या दिवसाचा आहे. कोणी जाळलं यासाठी वेगळा धागा काढावा, तिथे आम्ही पाणी घेऊन उभे राहू.

वाचनवेडी

नव्या ग्रंथालयाला 'नवं' म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी आत जाऊन वाचनकक्ष बघावा. समुद्राकडे कललेली गोल थाळी असं छत आणि त्याखाली पायऱ्या-पायऱ्यांनी उतरत गेलेले अकरा स्तर, सगळीकडे टेबलं आणि त्यावर खरोखर अभ्यास करणारी पोरं. कोणीतरी झोपलेलंही असतं. बाहेर अस्वानच्या ग्रॅनाइटची भिंत आहे, तिच्यावर १२० लिपींतली अक्षरं कोरलीत. आमच्या लेकाने देवनागरीच्या शोधात तिला इतक्या फेऱ्या मारल्या की सुरक्षारक्षक हसायला लागला. आत लिफ्ट आहेत, बसायला जागा आहे, त्यामुळे आजींसाठी उत्तम. पिशव्या बाहेर ठेवायला लावतात, औषधं खिशात घ्या. शुक्रवारी वेळ वेगळी असते, आधी बघून जा.

अवांतर: कवितेची आवड असेल तर कवाफीचं घर चुकवू नका. हा ग्रीक कवी इथेच जन्मला (१८६३), इथेच गेला (१९३३), दोन्ही २९ एप्रिलला. पोटासाठी पाटबंधारे खात्यात कारकुनी केली.

गल्लीतला_गुरू

पाटबंधारे खात्यात राहून कविता! आमच्याकडचे फक्त टिपण्या लिहितात.

कोल्हापुरी_ठसका

एवढ्या लांब जाण्याआधी आमच्या टाउन हॉल संग्रहालयात या की. ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेला रोमन काळातला काशाचा पोसायडन आहे, वीतभर उंचीचा. समुद्रदेव पंचगंगेकाठी काय करत होता देव जाणे.

शिलालेख

ठसका, तुम्ही गमतीत लिहिलंत पण धागा तिथेच जुळतो. 'पेरिप्लस' नावाचं पहिल्या शतकातलं ग्रीक प्रवासटिपण आहे, इजिप्तमध्ये राहणाऱ्या व्यापाऱ्याचं. त्यात कल्याण, सोपारा, चौल, पैठण, तेर ही सगळी येतात. आपल्याकडचा माल मोसमी वाऱ्यावर तांबड्या समुद्राच्या बंदरांत, तिथून उंटांवर वाळवंट ओलांडून नाईलपर्यंत, मग होडीने अलेक्झांड्रिया आणि पुढे रोम. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो लिहितो, की त्याच्या काळात तांबड्या समुद्रावरच्या एकट्या मायोस होर्मोस बंदरातून वर्षाला १२० जहाजं भारताकडे निघत. आणि २०२३ मध्ये बातमी आली होती, तिथल्याच बेरेनिके बंदरातल्या देवळात संगमरवरी बुद्धमूर्ती सापडली. संशोधकांच्या मते ती बहुधा अलेक्झांड्रियातच घडवलेली.

सासूबाईंना हे सांगा. आणि हो, मघाशी मुख्य गोष्ट राहिलीच. त्या शिक्षिका आहेत तर कोम अल-दिक्का काहीही झालं तरी सोडू नका. महत्तत मिस्र स्टेशनपासून चालत. लोक तिथलं संगमरवरी रोमन नाट्यगृह बघतात, फोटो काढतात आणि निघतात. त्याच्या शेजारीच वीसेक वर्गखोल्यांचे अवशेष आहेत, साधारण पाचव्या ते सातव्या शतकातले. भिंतीला लागून घोड्याच्या नालेसारखी विद्यार्थ्यांची दगडी बाकं, टोकाला गुरुजींची उंच बैठक आणि मध्ये जमिनीवर एक दगड. पाठ म्हणायला उठवलेला विद्यार्थी तिथे उभा राहत असावा असं उत्खनन करणाऱ्यांचं मत. आणि जिने नाहीत!

निवांतीण

शिलालेख, हे आधी का नाही सांगितलंत! आमच्या बाई, म्हणजे सासूबाई, वही घेऊन बसल्यात. दीपगृहाचं काय करू तेवढं सांगा.

शिलालेख

दीपगृह १३०३ आणि १३२३ च्या भूकंपांत गेलं. त्याच जागेवर मामलुक सुलतान कैतबेने १४७७ मध्ये किल्ला बांधायला घेतला आणि पडलेले दगड वापरले. बाकीचे दगड किल्ल्याच्या पायथ्याशी पाण्यात आहेत, १९९४ पासून पाणबुडे त्यांची मोजदाद करताहेत. किल्ला आतून रिकामा आहे हे दुर्मुख यांचं म्हणणं खरं, पण वर चढायची गरजच नाही. आवारात बसून समुद्राकडे तोंड केलं की झालं. दीपगृह कसं दिसत असेल याची कल्पना हवी असेल तर पश्चिमेला पंचेचाळीसेक किलोमीटरवर अबूसिरचा मनोरा आहे, त्याच तीन टप्प्यांच्या घडणीचा, बराच लहान. पहिल्या दिवशी मात्र नको.

दुर्मुख

वर्गखोल्या मला कोणी दाखवल्या नाहीत. तरी सक्कारा.

खलाशी

दुसऱ्या दिवशी वेळ उरला तर अल-अलामैन, शंभराहून थोडं जास्त किलोमीटर. दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांची दफनभूमी. आपले जे सैनिक त्या आघाडीवर गेले त्यांच्यापैकी ज्यांचं धर्मानुसार दहन झालं, त्यांचं वेगळं स्मारक तिथे आहे, सहाशेच्या वर नावं. भारतीय पर्यटक फारसा फिरकत नाही.

कैरोकर

फिरण्याबद्दल: काठाने धावणाऱ्या छोट्या व्हॅनना अलेक्झांड्रियात 'मश्रूअ' म्हणतात. हात दाखवायचा, आत बसायचं, पैसे पुढच्या माणसाच्या हातात द्यायचे. ते हातोहात चालकापर्यंत जातात आणि सुटे त्याच वाटेने परत येतात. आजींसोबत मात्र ॲपवरची टॅक्सी. काळ्या-पिवळ्या टॅक्सीला भाव आधी ठरवा. रम्लची जुनी ट्राम अनेकांना हवी असते, पण त्या मार्गाच्या नूतनीकरणाचं काम काढलंय, तिच्या भरवशावर राहू नका.

किल्ल्यापाशी घोडागाडीवाले मागे लागतात. बसायचं तर भाव माणशी की गाडीचा, हे दोनदा विचारा. एकाने मला उतरताना तिप्पट सांगितला होता.

निवांतीण

धागा वर काढतेय. जाऊन आलो!

एजंटला नकार कळवला आणि रेल्वेने गेलो. सामान हॉटेलात टाकून पहिलं कोम अल-दिक्का. बाईंनी नाट्यगृहाकडे ढुंकूनही बघितलं नाही, थेट वर्गखोल्यांकडे. एकेक खोली बघत, बाकांच्या रांगा मोजत शेवटी म्हणाल्या, "पटसंख्या आटोक्यात होती. म्हणून शिकवता येत होतं." नंतर नवऱ्याला त्या मधल्या दगडाच्या जागी बोट दाखवून म्हणाल्या, "तू इथे असतास. रोज."

मग टॅक्सीने खांब. भुयारात मी आणि नवरा आळीपाळीने उतरलो, दुसरा वर बाईंसोबत. चिलखतातला अनुबिस मी फोनवर आणून दाखवला, त्यांनी अर्धा तास मला त्याचा अर्थ समजावला, मी खाली जाऊन आले असूनही. किल्ल्यावर दोनला पोचलो. वारा असा की बोलणं ऐकू येईना, कानटोपीबद्दल खलाशी यांना दंडवत. लाटा अडवायला टाकलेल्या सिमेंटच्या ठोकळ्यांवर पोरं बसून गळ टाकत होती. एका पोराने बाईंना गळ धरायला दिला. मासा लागला असता तर पूर्ण शाकाहारी बाईंनी काय केलं असतं माहीत नाही, नशिबाने लागला नाही.

संध्याकाळी कोशरी. लसणाचं पाणी दोनदा मागून घेतलं. नवरा मध्येच "सिम कार्ड बघून येतो" म्हणून गेला आणि लसणाचा वास घेऊन परतला. तिखटमीठ, हे तुमचं काम.

ग्रंथालय दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवलं. बाईंना आवडलं, पण मार्क खांबापेक्षा कमी दिले. मधला ग्रीक-रोमन संग्रहालयाचा बेत मी सोडला, त्यावरून अजून ऐकतेय. २००५ पासून बंद होतं आणि २०२३ ला उघडलं, मग आपण बघितलं का नाही, असा प्रश्न आहे. अबूसिर आणि अलामैन दोन्ही राहिले.

तिखटमीठ

कलेजी कशी होती ते त्यांना वेगळ्या निरोपात विचारते.

दुर्मुख

सक्कारा केलंत का?

निवांतीण

केलं. छान आहे. पण बाई घरी आल्यापासून शेजाऱ्यांना वर्गखोल्यांचंच सांगतायत.

पाऊलखुणा

सगळा धागा वाचला, फार उपयोगी. आम्ही मार्चमध्ये जातोय. अर्धा दिवस आहे. किल्ला, भुयार, ग्रंथालय, मोन्ताझाचा राजवाडा-बाग आणि अल-अलामैन बसेल का?

कैरोकर

नाही.